दारातली गंधसखी

माणसाच्या मनगटाला त्याच्या अख्ख्या दिवसाचा वास येतो, हे हेमांगीला चौथ्या महिन्यात कळलं, आणि कळलं नसतं तर फार बरं झालं असतं. कुणी मिश्री लावून तशीच आलेली, कुणी दुचाकीची चेन बसवून आलेला, कुणी हात धुतल्याचं नुसतं नाटक केलेला. आज एका वरबापाच्या मनगटाला कालच्या मटणाचा वास होता आणि तो मास्कच्या आडून विचारत होता, "काय सूनबाई, पास का नापास?"

हेमांगी हसली. हसावंच लागायचं. घशापर्यंत आलेलं तिने पुन्हा खाली ढकललं, अत्तरदाणीतली काडी उचलली आणि त्याच्या मनगटावर हिना टेकवलं. वरबाप मिशीवर हात फिरवत आत गेला. त्याच्या मागचं मनगट पुढे आलं.

फलटणच्या सौख्यदा मंगल कार्यालयाच्या दारात तिची ही जागा होती. डाव्या हाताला अत्तरदाणी, उजव्या हाताला गुलाबदाणी आणि मधोमध पैठणी नेसवून, नथ घालून उभी केलेली घरची गरोदर सून. पाहुण्याने हात पुढे करायचा, तिने वाकून हुंगायचं. निरोगी असला तर अत्तर. नसला तर अत्तराऐवजी गुलाबपाण्याचे चार थेंब शिंपडायचे आणि गोड हसून म्हणायचं, "या, बसा." मग शेजारी उभे असलेले काळ्या टी-शर्टातले दोन बाउन्सर "साहेब, जरा इकडून" म्हणत त्या पाहुण्याला मागच्या खोलीत नेत, आणि तिथून सरकारी गाडी येऊन त्याला विलगीकरणात घेऊन जाई. भर लग्नात व्याह्यांचा अपमान नको म्हणून तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, ही शक्कल लढवली होती. पण लोक काय दुधखुळे असतात? दोन मुहूर्त झाले नाहीत तोच सगळ्या तालुक्याला खूण कळली. पूर्वी बायका गुलाबपाण्यासाठी तोंड पुढे करायच्या. आता गुलाबदाणी नुसती हलली तरी माणसं दचकून मागे सरकत.

परवान्यात लिहिलं होतं की बाईच्या आणि पाहुण्यांच्या मध्ये काच हवी, हातापुरती खिडकी ठेवून. काच आणलीही होती. अण्णांनी ती पहिल्याच दिवशी काढून स्टोअररूममध्ये ठेवली. "तुरुंगात भेटायला आल्यासारखं वाटतं पाहुण्यांना," ते म्हणाले, आणि काचेऐवजी हेमांगीच्या पाठीमागे एक पंखा लावला. वारा बाहेरच्या दिशेने, म्हणजे सून सुरक्षित. संध्याकाळपर्यंत तिची पाठ आखडून जायची.

पुढे कुणाला हे खोटं वाटेल, म्हणून मुळापासून सांगायला हवं.

त्या साथीला लोक मुका ताप म्हणत. पहिले पाच दिवस माणसाला काही म्हणजे काही होत नसे. ताप नाही, खोकला नाही. विषाणू घशात न राहता थेट फुप्फुसाच्या तळाशी ठाण मांडायचा, त्यामुळे नाकात काडी घालून केलेली तपासणीही पाच दिवस निर्दोष यायची. तोवर माणूस हसत-बोलत, हात मिळवत, श्वासागणिक रोग वाटत हिंडे. सहाव्या दिवशी कोसळे. कुणापासून लांब राहायचं हेच कळत नाही, अशा रोगापुढे सगळं बंद करण्यावाचून उपाय नव्हता. शाळा बंद झाल्या, बाजार बंद झाले, आणि लग्नं घरच्या गच्चीवर दहा माणसांत लागू लागली.

मग पुण्याच्या एका प्रसूतिगृहातल्या डॉ. शलाका भडकमकर यांच्या एक गोष्ट लक्षात आली. तपासणीला आलेल्या बायका रांगेत बसल्या बसल्या अचानक ओकत, आणि त्याही काही ठरावीक माणसांच्या जवळ. ती माणसं चार दिवसांनी तापाने पडत. डॉक्टरबाईंनी निरोगी आणि आजारी माणसांनी घातलेले सदरे काचेच्या बरण्यांत भरले आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या बायकांना हुंगायला दिले. बायकांनी आजाऱ्यांच्या बरण्या अचूक बाजूला काढल्या.

कारण तसं जुनंच होतं. पोटातलं मूल अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराच्या हिशेबी अर्धं परकं. त्याला परकं समजून हाकलू नये म्हणून शरीर आपला पहारा सैल करतं. पण पहारा सैल झाला की चोर शिरणार. म्हणून शरीर पहाऱ्यावर नाकाला बसवतं. शिळं, कुजकं, रोगट काही जवळ आलं की आधी किळस येते, मग ओकारी. एरवी ज्या वासाचा पत्ताही लागत नाही, तो त्या दिवसांत डोक्यात जातो. मुका ताप त्वचेवरच्या तेलात थोडा बदल करायचा. बाकीच्यांना तो कळत नसे, गरोदर बाईला कळे. त्यासाठी यंत्रही बनवून पाहिलं, पण ते फोडणीला आणि उदबत्तीलाही रोगी ठरवू लागलं.

डॉक्टरबाईंनी शोधनिबंधात सरळ लिहिलं होतं, की गरोदर बाईला जिथे मळमळेल तिथून तिला ताबडतोब लांब न्यावं. यापेक्षा सोपं वाक्य कुठल्या निबंधात नसेल. पण आपण कसले! आपण नेमकं उलटं केलं. जिथे रोग असण्याची शक्यता, तिथे तिला नेऊन उभं केलं. योजना निघाली, योजनेला गोंडस नाव मिळालं, 'गंधसखी'. ज्या कार्यालयाच्या दारात गंधसखी, त्याला पूर्ण उपस्थितीचा परवाना. पोस्टरवर गुलाबी साडीतली बाई मोगऱ्याचं फूल हुंगत होती. मोगरा! हेमांगीने ते पोस्टर पाहिलं की तिला हसूही येई आणि ओकारीही.

ती मूळची वडूजची. लग्नाआधी शाळेत भूगोल शिकवायची. दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा अण्णांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. आजोबा होणार म्हणून म्हातारा हरखलाय असं तिला वाटलं. संध्याकाळी जिन्यात तिने त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकलं. "दोन वर्षांनी दार उघडतंय बघा आपलं! घरचीच गंधसखी आहे, बाहेरून आणायची भानगड नाही. घ्या बुकिंग."

तरीही तिने मनाची समजूत घातली. तीन महिन्यांचा प्रश्न आहे. मळमळ थांबली की नाक थांबेल, नाक थांबलं की आपण मोकळ्या.

पण बाजाराला तीन महिने पुरत नाहीत. गर्भाच्या वारेतून निघणारं एक प्रथिन मेंदूतल्या मळमळीच्या केंद्राला चिथावत असतं. चौथ्या महिन्याच्या सुमाराला मेंदू त्याला सरावतो आणि बाई पोटभर जेवू लागते. एका कंपनीने हा सराव मोडणारी सुई काढली. आठवड्यातून एकदा दंडात टोचली की पहिल्या महिन्यांतली किळस सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत ताजी. हेमांगीचा नवरा विराज दर सोमवारी ती सुई थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून आणायचा आणि स्वतःच्या हाताने टोचायचा. टोचून झाल्यावर कापसाने दंड चोळत म्हणायचा, "माझी वाघीण आहेस तू." पहिल्यांदा तिला ते गोड वाटलं होतं. आता त्याच्या हाताचा स्पर्श झाला तरी पोटात ढवळायचं, आणि तो दोष सुईचा की हाताचा हे तिला सांगता येत नसे.

गंधसख्यांच्या मनाची काळजी घ्यायलाही सरकार विसरलं नव्हतं. रोज दुपारी फोन यायचा. मंजूळ आवाजातली ध्वनिमुद्रित बाई विचारायची, "ताई, आज तुमचा ताण एक ते दहामध्ये किती? रात्री झोप लागली का? हिरव्या पालेभाज्या खाल्ल्या का? थोडं चाललात का? आता डोळे मिटा आणि खोल, खोल श्वास घ्या."

"श्वास घेणं हेच तर माझं काम आहे गं बाई," हेमांगी म्हणायची आणि फोन उशीखाली सारायची.

मार्गशीर्षात ती डॉ. कोठावळेबाईंकडे सोनोग्राफीला गेली, सोबत सासूबाई. डॉक्टरबाईंनी पडद्यावर बाळाचं माप घेतलं. मग त्यांनी पुन्हा एकदा मोजलं आणि हेमांगीला वजनकाट्यावर उभं केलं.

"तुझं वजन वाढायच्या ऐवजी घटतंय," त्या म्हणाल्या. "आणि बाळ मागे पडलंय. पाचव्या महिन्यात जेवढं हवं तेवढं नाही. काय खातेस?"

"साळीच्या लाह्या. कधीकधी ताक."

"आणि सुई?"

हेमांगीने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई, रत्नप्रभाबाई, पदर सारखा करत म्हणाल्या, "अहो, आमच्या वेळंला कुठं होत्या ह्या सोनोग्राफ्या? मीबी विराजच्या वेळंला काय खात नव्हते. झाला की चांगला सहा फुटी."

"तुम्ही तीन महिने खात नव्हता, आई. तेही आपोआप. हिला मुद्दाम उपाशी ठेवलंय." डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "बाळाचं डोकं मोठं होतंय आणि पोट बारीक राहतंय. म्हणजे कळतं का? अन्न पुरत नाही म्हणून जे येईल ते ते मेंदूकडे पाठवतंय. सुई आज बंद करा. आज म्हणजे आज."

घरी परतताना गाडीत हेमांगीच्या डोळ्यांसमोर ते एवढंसं पोर होतं, ज्याला अजून नाव नाही, पण आलेला घास आधी डोक्याला द्यायचा, हे शहाणपण मात्र आहे. तिला रडू आलं. रडताना नाक चोंदलं आणि कितीतरी दिवसांनी कसलाच वास येईना. तेवढा वेळ ती सुखी होती.

अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं. अण्णा वाईट माणूस होते असं कुणीच म्हणालं नसतं. देवळाला पत्रे त्यांनी घालून दिले होते आणि अडल्यानडल्याच्या पोरीच्या लग्नाला हॉल फुकट दिला होता.

"अगं पोरी, डॉक्टर म्हणतात तर बंद करायचीच," ते म्हणाले. "नातू आपला आहे का डॉक्टरचा? फक्त हा मार्गशीर्ष जाऊ दे. पौष लागला की मुहूर्तच नाहीत. पौषात कोण लगीन करतंय? तुझी सुई आपोआप बंद."

"म्हणजे बाळाने पौषापर्यंत थांबायचं?" हेमांगीने विचारलं.

"दोन-तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे," विराज म्हणाला. "लोकांना शब्द दिलाय, हेमा. मुलींची लग्नं आहेत ती."

पंचांगात बघून पोटातल्या जिवाची उपासमार किती चालवायची हे ठरवणारी माणसं तिने आजवर पाहिली नव्हती. आणि ती जेवणाच्या टेबलाभोवती बसून, कोबीची भाजी वाढून घेत, अगदी प्रेमाने ठरवत होती. कोबीच्या वासाने तिला न्हाणीघरापर्यंतही पोचता आलं नाही.

मार्गशीर्षातला शेवटचा मुहूर्त बँक मॅनेजरांच्या मुलीचा होता. त्या आठवड्यात अण्णा नवी भांडी बघायला पुण्याला जाऊन आले होते. लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे कार्यालयातल्या गणपतीची पूजा केली आणि प्रसादाचा खडीसाखरेचा खडा हेमांगीच्या हातावर ठेवायला हात पुढे केला.

तिला एकदम तो वास आला.

सडक्या लसणावर कुणी काकवी ओतावी तसा, गोडसर आणि कुजका. चंदनाच्या साबणाखालून, उदबत्तीच्या धुराखालून तो सरळ वर आला. या दारात तिने तो पुष्कळदा हुंगला होता. चुकायचा प्रश्नच नव्हता. खडीसाखर तिथेच टाकून ती मागे सरली आणि तोंडावर पदर धरला.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि विराजला शोधायला धावली.

विराज मंडपवाल्याशी हुज्जत घालत होता. तिने त्याला खांबाआड ओढलं. "अण्णांना आहे."

"काय आहे?"

"मुका ताप. पुण्याहून घेऊन आलेत."

त्याचा चेहरा क्षणभर पडला. मग त्याने अण्णांना ऑफिसात बसवून नाकात काडी घातली आणि पट्टी घेऊन परत आला. "बघ. निगेटिव्ह. स्वच्छ एक रेघ."

"ती पाच दिवस निगेटिव्हच येते, विराज. म्हणून तर मला दारात उभी केलीत ना तुम्ही?"

"हळू बोल."

"मागच्या मुहूर्ताला आलेला तो एसटीतला कंडक्टर, त्याचीही पट्टी निगेटिव्हच होती. मी पाणी शिंपडलं म्हणून भर लग्नातून उचलून नेलंत त्याला. त्याची बायको रडत होती. चौथ्या दिवशी पडला तेव्हा सगळ्या गावाला मोबाइल दाखवत फिरलास, माझ्या बायकोचं नाक बघा म्हणून!"

"घरच्या माणसाची गोष्ट वेगळी असते."

"कशी वेगळी?"

विराजने तिचा खांदा थोपटला. "तुला ताण आलाय. चार-पाच महिने नीट खाल्लेलं नाही, झोप नाही. अशात भास होतात. आजचा दिवस काढ. उद्यापासून सुई बंद, शप्पथ." तेवढ्यात अण्णाच बाहेर आले. त्यांना कुणीतरी कुजबुज सांगितली असावी. ते मोठ्याने हसले. "अगं, सासऱ्याचाच वास घेतेस होय? म्हाताऱ्या माणसाला वास यायचाच! जा, उभी राहा दारात. वऱ्हाड आलंय."

ती दारात उभी राहिली. मनगटं येत गेली, ती वाकत गेली, अत्तर लावत गेली. माणूस किती निमूट असतो याची तिला स्वतःचीच शिसारी आली. आत एक रोगी हिंडतोय आणि बाहेर आपण निरोग्यांना अत्तर लावून त्याच्याकडे पाठवतोय. कसाबाच्या दारात उभं राहून बकऱ्यांना माळा घालाव्यात, तसलं काम.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली. पंगतीत मास्क निघतात. आणि अण्णांचा आग्रह तर तालुक्यात प्रसिद्ध. वाढप्यांवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. रेशमी सदऱ्याच्या बाह्या सारून ते स्वतः जिलबीचं ताट घेऊन पंगतीत उतरायचे आणि पाहुण्यांच्या तोंडात स्वतःच्या हाताने घास घालायचे. आजही उतरले होते. मास्क हनुवटीवर लोंबत होता.

दारातून हेमांगीला सगळं दिसत होतं. अण्णांनी जिलबी मोडली, पाक बोटांवरून ओघळला, ती त्यांनी मॅनेजरसाहेबांच्या तोंडात कोंबली. मॅनेजरसाहेब नको नको म्हणत होते, तोंडाला आलेला पाक पुसत होते. "आमच्या दारात येऊन 'नको' म्हणायचं नाही!" अण्णा त्यांच्या चेहऱ्यावर वाकून ओरडले आणि तीच बोटं पुढच्या तोंडाकडे वळली. मग नवऱ्यामुलाची आजी. मग आजीच्या मांडीवरची नात. अण्णांनी जिलबीचा तुकडा बारीक केला, स्वतःच्या जिभेला लावून गरम तर नाही ना ते बघितलं आणि पोरीपुढे धरला. पोरीने आ केला.

हेमांगीने गुलाबदाणी उचलली.

पैठणीचा घोळ सावरत ती मांडवात शिरली तशी रांगेतली बोलणी बंद पडत गेली. ज्यांनी आधी पाहिलं त्यांनी ताटं पोटाशी ओढली. ती कुणाकडे चाललीय हे कळेना, म्हणून जो तो आपल्याकडे येऊ नये एवढंच बघत होता. अण्णा पाठमोरे वाकलेले होते. तिने एका हाताने त्या पोरीला आजीच्या मांडीवरून मागे ओढलं आणि दुसऱ्या हाताने अण्णांच्या पाठीवर, मानेवर, फेट्यावर गुलाबपाणी शिंपडलं. चार थेंब नव्हे, सगळी दाणी रिकामी केली.

अण्णा वळले. फेट्यावरून पाणी ठिबकत होतं, हातात जिलबीचा तुकडा तसाच होता.

"या," हेमांगी म्हणाली. "बसा."

मग मॅनेजरसाहेबांनी तोंडातली जिलबी ताटात थुंकली. त्यामागोमाग दुसरा, तिसरा. अख्खी पंगत थुंकायला लागली. बायकांनी पदर तोंडात कोंबले, खुर्च्या उलटल्या, नवरीमुलगी स्टेजवर हार धरून उभी राहिली.

विराजने बँडवाल्याच्या हातातला माइक हिसकावला. "बसा, बसा सगळे! काही नाही झालेलं. ती गरोदर आहे, तिला ताण आलाय, तिचं डोकं ठिकाणावर नाहीये. अण्णांची टेस्ट निगेटिव्ह आहे!"

"कंडक्टरची पण होती," पंगतीतून कुणीतरी म्हणालं.

दोघे बाउन्सर एकमेकांकडे बघत होते. पगार अण्णांचा. पण शिकवणही अण्णांचीच. शेवटी मोठा पुढे झाला, मास्क नीट केला आणि नजर खाली घालून म्हणाला, "साहेब, जरा इकडून."

हेमांगी हात धुवायच्या जागी गेली आणि इतके महिने गिळलेलं सगळं तिने तिथे ओकून टाकलं. कुणीतरी मागून तिचं कपाळ धरलं. सासूबाई होत्या. ओकारी थांबेपर्यंत त्यांनी हात काढला नाही. मग हलक्या आवाजात विचारलं, "माझा येतोय का गं वास?"

हेमांगीने त्यांचं मनगट नाकाशी नेलं. कोथिंबीर, हळद आणि भीती. "नाही, आई."

सासूबाईंनी डोळे मिटले आणि अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन सरकारी गाडीकडे धावल्या.

अण्णा तिसऱ्या दिवशी कोसळले. पहिल्या पंगतीतली काही माणसंही पडली. मॅनेजरसाहेब बरेच दिवस अत्यवस्थ होते. आजी आणि नात मात्र धडधाकट राहिल्या. हेमांगीने आपलं विलगीकरण पुरं केलं आणि फलटणला परत न जाता सरळ वडूज गाठलं. दार उघडताच तिच्या मम्मीने तिचं हाडकलेलं मनगट हातात घेतलं आणि काही न विचारता तिला आत घेतलं.

तीन आठवडे उलटले तशी सुई उतरली. एका सकाळी मम्मी मेथी निवडत होती आणि हेमांगीला वाटलं, हा वास चांगलाय. तिने भाकरीसोबत मेथी खाल्ली, मग अजून एक भाकरी खाल्ली, आणि खाता खाता इतकी रडली की मम्मी घाबरली. आता तिला कुणाच्याच मनगटाचा वास येत नव्हता. माणसं पुन्हा नुसती माणसं झाली होती. बाळ लाथा मारू लागलं. सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाले, धरतंय वजन, असंच चालू द्या.

पौष संपला. माघातले मुहूर्त निघाले. आणि एका सकाळी विराजची गाडी दारात येऊन थांबली.

त्याच्या हातात थर्माकोलचा डबा होता.

"अण्णा घरी आले," तो अंगणात उभा राहून म्हणाला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "फुप्फुसं जरा गेलीत, पण बोलतात. आणि त्यांचा राग नाही तुझ्यावर, हेमा. उलट अभिमान आहे! सगळीकडे चर्चा आहे, ह्या बाईने सख्ख्या सासऱ्यालाही सोडलं नाही. असं प्रामाणिक नाक दुसरं नाही. माघ-फाल्गुन फुल्ल झालाय. सातारा, बारामतीपासून विचारणा येतायत. अण्णा म्हणाले, पोरीनं नाव काढलं. डोहाळजेवण पण कार्यालयातच करू, धूमधडाक्यात."

बापाची फुप्फुसं गेली आणि त्याची जाहिरात झाली. यांना काहीही द्या, ते विकून दाखवतील.

"बाळाचं वजन विचारलं नाहीस," ती म्हणाली.

"अगं, ते विचारणारच होतो. बरंय ना?" त्याने डबा पायरीवर ठेवला. "फक्त दोन महिने. आता सातवा तर लागलाय, बाळ काय, तयारच झालंय. तू नाही म्हणालीस तर अण्णा माणसं घेऊन येतील. लोकांना शब्द दिलाय."

शेजारच्या जाधवकाकू झाडलोट थांबवून ऐकत होत्या. समोरच्या गॅलरीत दोघी-तिघी उभ्या होत्या. गल्लीला गंधसखी माहीत होती; परगावाहून आलेला माणूस आधी तिच्या दारावरून जावा अशी गल्लीची इच्छा होती, पण मम्मीने सगळ्यांना हाकलून दिलं होतं.

"थांब," हेमांगी म्हणाली आणि आत गेली.

परत आली तेव्हा तिच्या हातात गुलाबदाणी होती. त्या दिवशी पिशवीत चुकून आली होती, आणि मम्मीने ती घासून, गुलाबपाणी भरून देवाजवळ ठेवली होती. विराज हसला. त्याला वाटलं, तयारी झाली.

"हात," ती म्हणाली.

त्याने कौतुकाने मनगट पुढे केलं. ती वाकली आणि तिने लांब श्वास घेतला. तिला कसलाही वास आला नाही. आतून मम्मीच्या थालीपिठाचा खमंग वास येत होता, तेवढाच.

हेमांगी सरळ झाली. अंगणात, सगळ्या गल्लीच्या देखत, तिने विराजच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं.

"हेमा," तो पांढराफटक पडला. "हे काय? मला काही झालं नाहीये. हेमा, खरं सांग!"

जाधवकाकूंनी केरसुणी टाकली आणि दार लावून घेतलं. समोरची गॅलरी रिकामी झाली. एकामागून एक खिडक्या बंद होत गेल्या आणि कुणीतरी आतून सरकारी गाडीला फोन लावल्याचा आवाज आला. "माझी टेस्ट करा!" विराज बंद दारांकडे बघून ओरडत होता. "निगेटिव्ह येईल!"

हेमांगीने पायरीवरचा डबा उचलून उन्हात ठेवला आणि झाकण काढलं. मग ती आत गेली. पाट मांडलेला होता.

"कोण होतं गं?" मम्मीने विचारलं.

"कुणी नाही," हेमांगी म्हणाली. "वाढ."